एकानं ‘नाही’ म्हटलं की

ओकाटो,
८ जून १९९७

बेव्या,

जिवंत आहेस का रे? एप्रिलपासून तुझी एक ओळ नाही. फोन केला तर तुमच्या खाणीच्या वसाहतीतला कुणीतरी बाप्या “बेव्हन इथं नाही” म्हणाला आणि फोन आपटला. तसाही तू फोनवर नुसता हूं हूं करतोस. तुझे हुंकार ऐकायला समुद्रापलीकडे फोन कोण लावत बसणार? म्हणून पत्र. उत्तर आलं नाही तर तुझा बर्फावर घसरायचा बोर्ड कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून ठोकून टाकीन, शप्पथ सांगते.

हिवाळा लागला, बर्फ आला. परवा गोठा धुऊन बाहेर आले तर समोर डोंगर कमरेपर्यंत पांढरा. मी पाइप हातात धरून तशीच उभी. बाबा ओरडले, “डोंगर कुठं पळून जात नाहीये, आधी नळ बंद कर!”

काल लगेच गेलो, मी आणि टामटी. सोबत माझा ऑकलंडचा चुलतभाऊ ग्रँट. नवाकोरा बोर्ड, नवंकोरं जाकीट आणि तोंड अखंड चालू. तिकडे लिफ्ट नाही हे कळल्यावर गाडीतच त्याचा चेहरा पडला. “म्हणजे चालत चढायचं? बोर्ड पाठीवर घेऊन?” टाम म्हणाला, “नको, डोंगर खाली वाकून तुला उचलून घेईल.” क्लबच्या झोपडीच्या वर बर्फ एकदम टणक होता, बुटांना बांधलेले लोखंडी दाते जेमतेम टोकाला रुतत होते. मला काही बरं वाटेना. मी म्हटलं, “नाही.” टाम तिथल्या तिथं वळला, हे तुला सांगायला नकोच. पण ग्रँट! “का? काय झालं? वर तर मस्त ऊन आहे! कारण तरी सांग ना!”

शेवटी टामनं त्याला एका दगडावर बसवलं आणि होहेपाकाका आपल्याला डोंगर शिकवताना सांगायचे तसं सांगितलं. एकानं नाही म्हटलं की सगळे वळतात. का, ते विचारायचं नाही. आज नाही, खाली पबमध्ये नाही, म्हातारे झाल्यावरही नाही. कारण विचारलं की पुढच्या वेळी माणूस नाही म्हणायला लाजतो, आणि या डोंगरावर लाजलेला माणूस घरी येत नाही. आणि म्हटलेलं ‘नाही’ मागं घ्यायचं असेल तर ज्यानं म्हटलं त्यानंच घ्यायचं. मग ग्रँटनं विचारलं, पुढच्या वेळी तरी एकदम टोकावर उभं राहून फोटो काढता येईल का? टाम म्हणाला, “ते आमचे कोरो आहेत. आजोबा. तू तुझ्या आजोबांच्या डोक्यावर उभा राहतोस का?” ग्रँटनं कॅमेरा जाकिटात कोंबला. तू असतास तर हसून हसून घसरला असतास.

बेव, तुझ्याशिवाय मजा येत नाही रे. टाम चांगला आहे, पण टाम बोलत नाही, आणि मी बोलते ते त्याला ऐकू जात नाही. आपण वर टोकाच्या खाली बसायचो, टामच्या आईचे तळलेले पाव खात, पुढ्यात सगळा समुद्र. बोर्ड बांधताना तू दर वेळी म्हणायचास, “इथून सुटलो की थेट लाटेत.” दर वेळी तेच. तेव्हा वैताग यायचा. आता तू जाऊन दीड वर्ष झालं, मला ते ऐकायचंय.

ऑक्टोबरात ये. तोवर गाई व्यायलेल्या असतील, बाबा मला सोडतील आणि दुपारचा बर्फ मऊ पडायला लागेल. समुद्राच्या बाजूनं उतरायचं आपलं राहूनच गेलंय. कामावर सांग, आजी गेली. तुझ्या दोन्ही आज्या आधीच गेल्यात, त्यांची काही हरकत नसेल.

नायरी


कॅल्गूर्ली,
२९ जून १९९७

नायरी,

जिवंत आहे. बोर्डाला हात लावू नकोस. कोंबड्या घसरतील आणि पाप माझ्या माथी येईल.

पाळ्या बदलल्या, वसाहतीतली खोली बदलली, त्यामुळे लिहायला जमलं नाही. आता मला जमिनीखालून वर घेतलंय, सामानाच्या कोठारात. खुर्ची आहे, टेबल आहे. खाली जाणाऱ्यांना बॅटऱ्या नि हेल्मेटं द्यायची आणि वर आले की परत घ्यायची. साहेब झालोय म्हण ना.

इकडे सगळं लाल आणि सपाट. नजर टाकली की टाकली, कशाला अडकतच नाही. उंच म्हणून एकच गोष्ट आहे, खाणीतून काढलेल्या मातीचा ढिगारा, आणि त्यावर चढायला बंदी. तुझं पत्र मी जेवणाच्या खोलीत वाचलं आणि ग्रँटच्या किश्श्यापाशी आलो तेव्हा इतका हसलो की शेजारच्या टेबलावरचा फिनलंडचा म्हातारा विचारायला लागला, काय झालं. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, शहाणा नियम आहे.

पण तू लिहितेस फार घाईत. बर्फ टणक होता, म्हणजे कसा? निळा, की वर पातळ कवच आणि खाली भुसभुशीत? वारा कुठून होता? झोपडीच्या वरची घळ भरली का? समुद्रावर ढग होते की दीपगृह दिसत होतं? टाम पुढं होता की तू? सगळं लिही. मला वेळ आहे.

ऑक्टोबरात नक्की. बोर्डाला मेण लावून ठेव.

बेव


कॅल्गूर्ली,
२९ जून १९९७

टाम,

हे पत्र नायरीला दाखवू नकोस.

एप्रिलमध्ये बोगद्याच्या छताचा दगड सुटला आणि माझ्या डाव्या पायावर आला. मे संपेपर्यंत पर्थला इस्पितळात होतो. पाऊल वाचलं. पण घोट्याची हाडं एकमेकांना जोडून टाकलीत, तो आता वाकत नाही. बोटांना काही कळत नाही. काठी घेऊन चालतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालशील, गाडी चालवशील, नाचायची हौस असेल तर वाईट नाचशील. मी बर्फाचं विचारलं. त्या म्हणाल्या, ज्या पावलाला थंडी कळत नाही ते बर्फात नेलंस तर कापून घ्यायला माझ्याकडेच येशील.

आईला तिकडे नेल्सन शहरात कळवलं, पण पाय मुरगळलाय एवढंच. आणि आत्ताच नायरीला लिहून बसलो की ऑक्टोबरात नक्की येतो. का लिहिलं मला माहीत नाही. तिचं पत्र वाचलं आणि हात आपला लिहीत गेला.

तिच्या डोक्यात मी अजून पुढं उतरत चाललोय रे, बोर्डावर. तसाच राहू दे थोडे दिवस. मग काहीतरी करीन मी.

बेव


ओपुनाके,
२० जुलै १९९७

बेव्हन,

पत्र मिळालं. आईला सांगितलं, कारण आईला न सांगता मला पचत नाही. ती रडली. मग तुझ्यासाठी प्रार्थना केली. मग मला म्हणाली, पोराला घरी बोलाव, तिकडे त्याला कोण करून घालतं. ती नायरीला सांगणार नाही.

माझं असं आहे. मी आपणहून सांगणार नाही. पण तिनं विचारलं तर खोटं बोलणार नाही. आणि ती विचारणारच. त्याआधी तू सांग.

माझा दुधाचा टँकर या महिन्यात हावेराच्या बाजूला आहे, म्हणून ती अजून समोर आलेली नाही. लपलोय असं समज.

घळ भरली आहे.

टामटी


ओकाटो,
३ ऑगस्ट १९९७

बेव,

हे घे, सावकाश लिहिते. एका हातात पेन, दुसऱ्यात वासराची बाटली. कागदावर दूध सांडलं तर वास सहन कर, तुलाही त्याची सवय होती एके काळी.

रविवारी क्लबच्या माणसांबरोबर झोपडीपर्यंत गेले. टाम नव्हता, तो हावेराकडे टँकर चालवतोय. रात्री दक्षिणेचा वारा होता, सकाळी पडला. बर्फावर पातळ कवच, पाऊल टाकलं की ते आधी थोडं तग धरायचं आणि मग मोडायचं. दीपगृह दिसत होतं. समुद्र शिसपेन्सिलीच्या रंगाचा. घळ भरलीये, दगड एकही वर नाही. मी एकटीच तिच्यात उतरले. पहिली तीन वळणं बरी आली, चौथ्याला मी तुला हाक मारली. म्हणजे तोंडातून आपोआप गेली, “बेव, डावीकडे!” म्हणून. क्लबच्या लोकांना वाटलं मला लागलं.

तुझ्या बोर्डाला मेण लावलं. बूट चुलीजवळ वाळवले, एकाच्या आत उंदरानं घर केलं होतं, काढलं. मागची खोली झाडली. बाबा म्हणाले, “एवढी झाडलोट माझ्या वाढदिवसाला नाही केलीस कधी.” मी त्यांना सांगितलं, तुमच्या वाढदिवसाला तुम्ही समुद्रापलीकडून येता का?

आता मला सांग. तिकीट काढलंस का? कुठल्या तारखेचं? तू सगळं बर्फाचं विचारतोस आणि स्वतःचं काहीच लिहीत नाहीस. आणि खुर्चीत बसतोस म्हणे. तू? शाळेत तुला खुर्चीत बसवायला बाईंना ओरडावं लागायचं. मला तुझं काही खरं वाटत नाहीये. काय झालंय बेव? टाम महिनाअखेरीला इकडे येतोय, त्याला धरून विचारणारच आहे, कारण त्याला काहीतरी माहीत आहे. फोनवर मी तुझं नाव काढलं तर तो हवामानाबद्दल बोलायला लागला. टाम! हवामानाबद्दल!

लवकर लिही.

नायरी


कॅल्गूर्ली,
१२ ऑगस्ट १९९७

नायरी,

मी येत नाही. ऑक्टोबरात नाही, नंतरही नाही. इथंच राहायचं ठरवलंय.

मी ‘नाही’ म्हणतोय. आपलं डोंगरावरचं ‘नाही’. त्यामुळे का ते विचारू नकोस. मलाही नाही, टामलाही नाही.

बोर्ड टामला देऊन टाक.

बेव्हन


ओकाटो,
७ सप्टेंबर १९९७

बेव्हन,

ठीक. विचारत नाही.

कोण आहे ती? ही ओळ खोडली आहे, वाचू नकोस.

तुझं पत्र टामच्या आधी एक दिवस आलं. तो आला, मी चहा केला, आम्ही समोरासमोर बसलो. प्रश्न माझ्या अगदी जिभेवर होता. गिळला. तो माझ्याकडे बघत होता, मी विचारायची वाट बघत असल्यासारखा. शेवटी मी म्हटलं, बोर्ड घेऊन जा, बेव्हननं तुला दिलाय. तो म्हणाला, “मी नाही नेणार.” आणि दारात उभा राहून स्वतःच्या बुटांकडे बघत बसला. दोघांनी मिळून मला वेड लावायचं ठरवलंय का? हेही खोडते. हाही प्रश्नच झाला.

होहेपाकाकांनी नियम घालून दिला तेव्हा त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल, की एक शहाणा दुसऱ्या देशात बसून पाकिटातून नाही म्हणेल. पण म्हटलंस ना. मी पाळीन.

ती चांगली असू दे. तुझी बडबड ऐकून घेणारी असू दे. मला एवढंच वाटत होतं की तू येशील, आपण समुद्राच्या बाजूनं उतरू, आणि खाली पोचून दम खाताना मी तुला एक गोष्ट सांगीन. शाळेपासून सांगायची राहिली होती, आता नाही सांगत. इकडे नद्यांच्या तोंडाशी बारकी मासळी लागलीये, बाबा रोज आणतात, अंड्यात घालून तळते. माझा वाटा बाबांच्या ताटात सरकवते.

नायरी


ओपुनाके,
२८ सप्टेंबर १९९७

बेव्हन,

मी लांब पत्र लिहीत नाही, हे तुला माहीत आहे. हे लांब आहे. यावरून समज.

तुला नियमाचा अर्धाच भाग आठवला. विचारायचं नाही, एवढाच. पहिला अर्धा काय आहे? एकानं नाही म्हटलं की सगळे वळतात. सगळे. ती चढत नाहीये, बेव्हन. तुझं पत्र आल्यापासून एकदाही नाही. त्यामुळे मीही नाही.

असा वसंत मी पाहिलेला नाही. वारा नाही. आठवडाच्या आठवडा आकाश उघडं. समुद्राच्या बाजूला बर्फ खाली झुडपांपर्यंत, एकसारखा, एक दगड वर नाही. मी रोज किनाऱ्याच्या रस्त्यानं टँकर नेतो आणि कोरो काचेत मावत नाहीत. क्लबची माणसं विचारतात, तुम्ही दोघं आजारी आहात का.

मी तिला म्हटलं, चल. ती म्हणाली, एकानं नाही म्हटलंय. मी म्हटलं, तो इथं नाही. ती म्हणाली, “म्हणून काय तो आपल्यातला नाही?”

याचं उत्तर तू शोध. तुला येत असेल तर तिला लिही.

ती मला विचारत नाही, कारण तू बंदी घातलीस. मी आपणहून सांगत नाही, कारण तुला शब्द दिलाय. आणि तिला वाटतंय तुला कुणी बाई मिळाली. तुला! मी हसलो नाही. सोपं नव्हतं.

तुझं ‘नाही’ तूच मागं घे. आणि घेताना खरं सांग.

दुसरं. समुद्राच्या बाजूनं उतरायचं आपण पुढं ढकलत आलो, कारण गाडी वळसा घालून तिकडे कोण आणणार. आता तू मोकळा आहेस. ये आणि गाडी चालव.

टामटी


कॅल्गूर्ली,
९ ऑक्टोबर १९९७

नायरी,

बाई नाही. दगड आहे.

एप्रिलमध्ये खाली बोगद्यात छत सुटलं. डावा पाय गेला, म्हणजे आहे जागेवर, पण घोटा वाकत नाही आणि बोटांना काही लागत नाही. बर्फात न्यायचा नाही असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय. बोर्डाचं संपलं. फोनवर “इथं नाही” म्हणाला तो खरंच बोलत होता, मी तेव्हा पर्थला पडून होतो. साहेब झालो, खुर्ची मिळाली, ते सगळं त्यामुळे. टामला जूनपासून माहीत आहे. मी त्याला गप्प बसवलं, त्याच्यावर चिडू नकोस.

तू चढायची थांबलीस, हे टामनं कळवलं. नायरी, माझ्या डोक्यातच आलं नाही गं. मला फक्त तुझे प्रश्न थांबवायचे होते. तो वसंत गेला तुझा. कोठारात बसून मी इतके दिवस मनातल्या मनात म्हणत होतो, आत्ता त्या दोघांचं वर पोचून झालं असेल, आत्ता पाव खात असतील. आणि तू गोठ्यात होतीस.

टाम म्हणतो, ये आणि गाडी चालव. त्याच्या मनात वाईट काही नाही, म्हणून जास्त लागलं. मी खाली गाडीत बसायचं, खिडकीतून वर बघायचं आणि तुम्ही दोघं कुठल्या वळणावर आहात ते ओळखत राहायचं? मला नाही जमणार ते. इकडे डोंगर नाही हेच बरं आहे. इकडे काठीवाले बरेच आहेत, कुणी कुणाकडे बघत नाही. तिकडे तू बघशील.

पाय गेल्याचं मला रडू आलं, ते इस्पितळात येऊन गेलं. पण बसमधून मी उतरलो आणि तू माझं चालणं बघून चेहरा सावरून घेतलास, हे मला रोज दिसतं. दाढी करताना दिसतं. म्हणून मी नाही म्हटलं.

डोंगराचं ‘नाही’ मागं घेतो. घेतलं. चढा. उद्याच चढा, बर्फ संपायच्या आत, आणि समुद्राच्या बाजूनंच उतरा. मग मला सगळं लिही, काही गाळू नकोस. पण माझ्या येण्याचं ‘नाही’ आहे तसंच राहील.

बेव


ओकाटो,
२६ ऑक्टोबर १९९७

गाढवा,

तुझं पत्र मी गोठ्यात वाचलं आणि तिथंच बसून रडले, गाई बघत होत्या. मग गाडी काढून ओपुनाकेला गेले आणि टामशी भांडले. जूनपासून! चार महिने हा माणूस माझ्यासमोर चहा पितोय! तो म्हणाला, “तू विचारलं नाहीस.” मी हातातला टॉवेल फेकून मारला. त्याची आई मध्ये पडली आणि मला कुशीत घेऊन बसली. तिलाही माहीत होतं म्हणे. सगळ्या गावाला माहीत होतं आणि मी कुठल्याशा बाईचा चेहरा मनात रंगवत होते. केस तांबूस होते तिचे. चांगली दिसायची मेली.

काल गेलो. आता सगळं ऐक, गाळत नाही.

पहाटे निघालो. ओढ्यापाशी टाम नेहमीसारखा थांबला आणि कोरोंशी दोन शब्द बोलला. या वेळी जरा जास्तच बोलला, मी काही विचारलं नाही. झोपडीपर्यंत बर्फ कडक, दाते छान रुतत होते. वर पोचलो तेव्हा वारा नव्हता. बेव, अजिबात नव्हता. टोकाच्या खाली बसलो. बर्फ मऊ पडायची वाट बघत दुपारपर्यंत बसलो, टाम सारखा बर्फ फोडायच्या कुऱ्हाडीच्या दांड्यानं टोचून बघायचा आणि मान हलवायचा. दीपगृह दिसत होतं. आमचा गोठासुद्धा दिसत होता. पाव खाल्ले. तुझ्या वाटणीचा उरला, तो टामनं अर्धा मोडून मला दिला.

मग त्यानं मान होकारार्थी हलवली. मी पुढं निघाले. बर्फ वर थोडा ओला आणि खाली घट्ट, बोर्ड आपणहून वळत होता. इतका लांब उतार मी आयुष्यात उतरले नाही. थांबायचं कारणच नाही, पुढं समुद्र, खाली समुद्र. सगळा कोरा बर्फ, एक रेघ नाही. लोक अशा बर्फासाठी जीव टाकतात. आणि मला त्यावर तुझी रेघ हवी होती. नेहमी असायची ना पुढं, आणि मी तिच्या बाजूनं माझी काढायचे. मध्येच मी थांबले. टाम मागून आला, थांबला. मी त्याला म्हटलं, “हे एकटीनं घेऊन मी काय करू रे?” तो म्हणाला, “रड, पण ऊन आहे तोवर. सावली आली की टणक होईल.”

खाली बाबा गाडीत घोरत होते, रेडिओ चालू ठेवून. तर मुद्दा हा, की मला ड्रायव्हर नकोय. ड्रायव्हर आहे, फुकटात आहे. टाम मूर्ख आहे. त्याला “आमच्याकडे ये” म्हणता येत नाही म्हणून तो “गाडी चालव” म्हणतो.

आणि तुझं ते दुसरं ‘नाही’. ते मी मानत नाही. तो नियम डोंगरावरचा आहे, माझ्या स्वयंपाकघरात चालत नाही. इथं मी विचारणार. का येत नाहीस? पाय दुखतो का? आता दुखतो का? रात्री? कुठल्या हातात काठी घेतोस? तुला घरी घेऊन यायला मी तिकडे येऊ का?

चेहरा सावरशील म्हणतोस. हो, सावरीन. नाहीतर रडेन. मग तू चिडशील, मग मी चिडेन, मग जेवू. माझा चेहरा कसा होईल याची भीती तुला वाटते, आणि तुझा चेहरा जवळजवळ दोन वर्षं बघायला मिळाला नाही त्याचं माझं काय?

शाळेपासून सांगायची राहिलेली गोष्ट आता इथंच लिहून टाकते, कारण तुझी वाट बघत बसले तर म्हातारी होईन. मला तू हवा आहेस. माझ्यापुढं उतरणारा म्हणून नाही. चढतानाही नाही, गाडीतही नाही. सकाळी दूध काढून आले की टेबलाशी बसलेला, बडबड करणारा. डोंगर मी बघून घेईन माझा, तो समोरच आहे, कुठं जात नाही. जाणारा तूच आहेस.

नायरी


कॅल्गूर्ली,
१० नोव्हेंबर १९९७

नायरी,

तुझं पत्र कोठारात उभ्यानं वाचलं. मग बसलो. दुपारची पाळी वर आली, माणसं बॅटऱ्या परत द्यायला रांगेत उभी राहिली आणि मी नुसता बसून होतो. फिनलंडच्या म्हाताऱ्यानं माझं काम केलं.

पाय दुखतो. रात्री जास्त. काठी उजव्या हातात. तू इकडे यायची गरज नाही.

तिकीट काढलं. शनिवारी, २९ तारखेला ऑकलंडला उतरतो, रविवारी तिथून बसनं न्यू प्लिमथ, संध्याकाळी. कायमचा येतोय की काय हे मला आत्ता सांगता येत नाही. मला भीती वाटते, हे मात्र सांगता येतं. गेले दोन दिवस तुझं पत्र खिशात आहे आणि मला दाढी करताना तू दिसतेस, पण चेहरा काही केल्या धड दिसत नाही. मी तो विसरत चाललोय असं वाटतं.

बसची पायरी उंच असते. मी सगळ्यांत शेवटी उतरीन. आधी काठी, मग तो पाय, मग चांगला. वेळ लागेल, मागून ड्रायव्हर कुरकुरेल, कुरकुरू दे. सामान टामला उचलू दे, त्याला हातात काही नसलं की उभं राहता येत नाही.

तू पुढं येऊ नकोस. हात देऊ नकोस. रडू आलं तर रड. फक्त जिथं उभी असशील तिथंच उभी राहा. मी येतो चालत तुझ्यापर्यंत.

बेव